अंत्युखियाचा शिक्का

१

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. चांदीचा प्याला जागेवर होता, मुलामा दिलेला क्रूस जागेवर होता, धुपाचा डबासुद्धा कुणी हलवलेला नव्हता. नव्हता तो फक्त शिक्का. ज्या तागाच्या फडक्यात तो गुंडाळलेला असायचा, ते फडकं नीट घडी घालून खणात ठेवलेलं होतं.

शुक्रवारची प्रार्थना नुकतीच संपली होती. बाहेर अंगणात कॉफीचे पेले वाजत होते आणि आत आम्ही पाच जण त्या रिकाम्या खणाकडे बघत उभे होतो.

"मित्री," तौफीक बे म्हणाले, "या कपाटाच्या किल्ल्या कोणाकोणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक अबूनांकडे."

"अबूना चोर नाहीत."

"मग उरलं कोण, ते तुमच्याच तोंडाने सांगा, बे."

मित्री आमच्या देवळाचा सेवक. घंटा वाजवणं, दिवे लावणं, झाडलोट करणं ही त्याची कामं. अंगणाच्या कोपऱ्यातल्या खोलीत तो आणि अंथरुणाला खिळलेली त्याची बायको अफीफे राहतात. तौफीक बे विश्वस्तांचे प्रमुख. देवळामागच्या गल्लीत त्यांचा साबणखाना आहे, आणि अंताक्यातल्या निम्म्या घरांत त्यांच्याच साबणाने अंघोळ होते. अबूना स्पिरो हे आमचे पाद्री. ते दाढीत बोटं घालून उभे होते. चौथ्या होत्या अंकाराहून आलेल्या डॉक्टर शेबनेम. अंत्युखिया, म्हणजे जुन्या काळचं आमचं अंताक्या, यावर त्या एक मोठं प्रदर्शन भरवत होत्या, आधी इथे, मग अंकाराला. शिक्का त्यात ठेवायचा होता, आणि त्याआधी त्याच्या लाकडाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून त्याचं वय ठरवायचं होतं. मी, लमिया, विश्वस्तांपैकी एक. मुलींच्या शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून तुकडा काढताना मी हजर असावं असा अबूनांचा आग्रह होता.

शिक्का तळहाताएवढा, अक्रोडाच्या लाकडाचा. पवित्र विधीचा पाव भट्टीत जाण्याआधी त्याच्यावर हा दाबला की मधोमध क्रूस उमटतो आणि भोवती अक्षरं. गावात त्याला पेत्राचा, म्हणजे येशूच्या पट्टशिष्याचा, शिक्का म्हणतात. येशूच्या अनुयायांना ख्रिस्ती हे नाव जगात पहिल्यांदा आमच्या शहरात मिळालं. अशा शहरात वस्तूंना अशी नावं सहज चिकटतात आणि मग कुणी ती सोडवायला जात नाही.

"बुधवारी पेत्र-पौलाचा सण आहे," तौफीक बे म्हणाले. "बुधवारी सकाळपर्यंत शिक्का या खणात आला नाही, तर मित्री, खोली रिकामी करायची. आणि मी पोलिसांत जाणार. आजपासून साबणखान्यातही पाऊल टाकायचं नाही."

मित्री दुपारी तिथेही काम करायचा. त्याने खिशातून साबणखान्याची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"खोली आत्ताच तपासा," तो म्हणाला. "पण आधी मला अफीफेला उठवून बसवू द्या. ती आडवी असताना तिच्या गादीखाली कुणी हात घालायचा नाही."

खोली तपासली. काही सापडलं नाही. तौफीक बे म्हणाले, "सापडेल अशा जागी ठेवायला तो काय मूर्ख आहे?"

अंगणात अबूनांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही शाळेत कॉप्या पकडायचात."

"मुलींच्या, अबूना."

"माणसं मोठी होऊन काय वेगळी होतात? चार दिवस आहेत. हा माणूस या देवळातून चोर म्हणून बाहेर पडला, तर पुन्हा कुठल्याच दारात उभा राहणार नाही. मी त्याला ओळखतो."

मी खणातलं ते फडकं मागून घेतलं.

२

घरी येऊन मी फडकं खिडकीशी उलगडलं. त्याच्यावर शिक्क्याच्या आकाराचे गोल डाग होते, एकावर एक पडलेले, मधासारखे पिवळे. हात लावला तर ताठ, कोरडे. मी पातळ कागद घेतला, एकेका डागावर अंगठ्याने दाबला आणि उजेडात धरला. कागदावर काहीच उमटलं नाही.

त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही. मी फक्त ते लक्षात ठेवलं.

संध्याकाळी मित्रीकडे गेले. तो घंटेच्या दोराला मेण लावत बसला होता. नोकरी जाणार असलेला माणूस दोराला मेण लावतो, हे मला आवडलं.

"बसा, बाई. तपास करायला आलात की सांत्वन?"

"तपास."

"बरं झालं. सांत्वनाला सकाळपासून सतरा जणी येऊन गेल्या. एकीने तर मर्सिन शहरातल्या स्वस्त घरांचा पत्तासुद्धा दिला."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुम्ही जा, घर बघा, आवडलं तर तिथेच राहा." तो हसला नाही. "बाई, माझा बाप इथे घंटा वाजवायचा, त्याचा बाप वाजवायचा. शहर किती वेळा पडलं आणि उठलं, तुम्ही वाचलंय ते. पण उठल्यावर पहिली घंटा कुणीतरी वाजवलीच असेल ना? तो माणूस आमच्यातला होता, असं मी धरून चालतो. पुरावा मागू नका."

"मागत नाही. कालचं सांग. गुरुवारचं."

"सांगण्यासारखं काही नाही. सकाळी दिवे पुसले, दुपारी साबणखान्यात गेलो, संध्याकाळी प्रार्थनेला घंटा दिली. कपाटाकडे गेलोच नाही. आजच्या योहानाच्या सणासाठी काल पाव भाजायचा होता. पावाच्या दिवशी मी तिकडे फिरकत नाही. पिठात पाय पडले की खूरिये ओरडतात."

खूरिये म्हणजे पाद्र्याची बायको. देवळाचा पाव आमच्याकडे तीच करते. दुसरीने केलेला चालत नाही असं नाही, पण ती असताना दुसरी पुढे येत नाही.

"साबणखान्यात तुझं काम काय?"

"रचायचं. हिवाळ्यात शिजवलेला साबण कापून, छाप मारून, मनोऱ्यात रचलेला असतो. शरद ऋतूपर्यंत तो वाळतो. मी मनोऱ्यांवर नजर ठेवतो, एखादा कलला तर सावरतो. तौफीक बेंना विचारा, माझा मनोरा कधी पडलाय का."

उठताना मी विचारलं, "तुला कुणावर संशय आहे?"

"आहे," मित्री म्हणाला. "पण सांगणार नाही. माझ्यावर घेतला तसा मी दुसऱ्यावर घेतला, तर मग तौफीक बेंत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

३

शनिवारी मी नजीराच्या भट्टीवर गेले. ती खूरिये झाली तरी मला नजीराच. शाळेत आम्ही एका बाकावर बसत होतो आणि ती माझी गणितं उतरवून घ्यायची.

"ये गं, ये. दारातून पीठ चुकवत ये."

भट्टी देवळाच्या मागच्या गल्लीत आहे, साबणखान्याच्या मागच्या दारासमोर. तिथून आणलेल्या जैतुनाच्या चोथ्यावरच ती पेटते. साबणाला तेल गेलं की उरलेला चोथा पावाला, अशी ही जुनी वाटणी. रविवारच्या पावासाठी नजीराने डोंगरावरच्या एका गावातून उसना शिक्का आणला होता.

"बघ, किती उथळ आहे. दाबला तरी क्रूस अर्धवट उठतो. आपला शिक्का कसा, मनगटाचा नुसता भार दिला की..." ती थांबली आणि लाकडी फावड्याने पाव बाहेर काढू लागली.

पाव टोपलीत ठेवताना ती तोंडाला तोंड लावून जोडीने ठेवत होती. एकाचा छापाचा भाग वर, त्याच्यावर दुसऱ्याचा छापाचा भाग खाली. मग शेजारी दुसरी जोडी, अगदी चिकटून. "असं ठेवलं की छाप घासत नाही," ती म्हणाली. "सासूबाईंनी शिकवलं. आता हात आपोआपच तसे वळतात."

"गुरुवारी शिक्का तूच वापरलास ना?"

"मग कोण? अबूनांची किल्ली घेतली, काढला, पाव केले, परत ठेवला. काल तू पाव खाल्लास की नाही? आपलाच छाप होता."

"परत ठेवताना काही विशेष?"

"काय विशेष असणार! धुतला, पुसला, अक्रोडाचं तेल चोळलं, फडक्यात गुंडाळला. दर वेळी तेच. तेल लावलं नाही तर लाकूड तडकतं." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "तुला एक सांगू? चोर कोण का असेना, त्या अंकारावालीच्या हातात शिक्का पडला नाही, हे मला बरंच वाटलं."

"का गं?"

"आजोबांच्या काळात इथल्या जमिनी खणल्या. खडे जडवलेल्या फरशा निघाल्या, एकेक दिवाणखान्याएवढी. पेट्यांत भरून समुद्रापलीकडे गेल्या. अभ्यासाला म्हणे. परत आली एखादी? या गावातून पेटीत घालून काय बाहेर गेलं आणि परत आलं, ते मला दाखव. आपल्या धर्मगुरूंचं बघ. पदवी अंत्युखियाची, गादी दमास्कसला!"

"नजीरा, मित्रीची खोली जातेय."

तिच्या हातातलं फावडं भट्टीच्या कडेला आपटलं. एक पाव राखेत पडला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळलीच नाही.

४

तौफीक बेंचा साबणखाना शुक्रवारपासून बंद होता. सोमवारी त्यांनी माझ्यासाठी तो उघडला, तोही कुरकुरत.

"इथे काय मिळणार, बाई? मी स्वतःच्याच घरात चोरी केली म्हणता?"

"तसं म्हणत नाही. पण मित्री इथे काम करायचा. तुमचाच संशय धरून मी आलेय."

हे त्यांना पटलं. आत गार होतं आणि लॉरेल झाडाच्या तेलाचा वास इतका दाट होता की तो श्वासाबरोबर घशात उतरत होता. जाड दगडी भिंतींच्या मधे साबणाचे मनोरे उभे होते, छातीएवढ्या उंचीचे, गोल, मधून पोकळ, वर निमुळते होत मिटलेले. थरातल्या दोन वड्यांत बोटभर फट सोडलेली, म्हणजे हवा खेळती राहते. छाप मारलेली बाजू नेहमी वर.

"हे तुमच्या अंकारावाल्या बाईला दाखवा," ते म्हणाले. "रोमन बादशहा या शहरात हमामखाने बांधत होते. अंघोळ कशाला म्हणतात ते युरोपला आम्ही शिकवलं. आणि शिक्का! माझ्या पणजोबांनी सांगितलेलं आहे, खुद्द पेत्राच्या हातचा. कागद येऊ दे लॅबचा, मी चौकटीत लावणार आहे. म्हणून तर परवानगीची सही दिली."

"आणि कागदावर वेगळं काही आलं तर?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या आईचं वय विचारलं.

मी मनोऱ्यांमधून हिंडत होते. लॉरेलचा साबण शिजतो तेव्हा हिरवागार असतो. मग हवा लागते तिथे तो महिन्यामहिन्याने सोनेरी, पुढे तपकिरी होतो. पोटात मात्र हिरवाच राहतो. आणि जिथे वडीवर वडी टेकलेली असते, तिथे हवा पोचत नाही, म्हणून तेवढा चट्टा हिरवा उरतो. न हललेल्या मनोऱ्यात हे चट्टे कधी दिसत नाहीत. ते झाकलेलेच असतात.

मागच्या दाराजवळच्या मनोऱ्यात ते दिसत होते. वरच्या काही थरांत, बाहेर डोकावणाऱ्या कडांवर, हिरवे चौकोन.

"हा मनोरा कधीचा?"

"बाकीच्यांच्याच कढईतला. का?"

"कुणीतरी तो वरून उतरवून पुन्हा रचलाय. चट्टे उघडे पडलेत, आणि अजून हिरवे आहेत. म्हणजे फार दिवस झाले नाहीत. उतरवा, तौफीक बे."

"माझा मनोरा?"

"वरचे थर फक्त."

त्यांनी कोट काढला. एकेक वडी मी खाली घेत गेले आणि ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने फरशीवर मांडत गेले. सवय. शेवटी त्यांनी पोकळीत हात घातला, खांद्यापर्यंत, आणि त्यांचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तेव्हा त्यात शिक्का होता.

त्यांनी त्याचं चुंबन घेतलं. मग डोळे पुसून म्हणाले, "हा मनोरा मित्रीचा आहे. दुसरं कुणी याला हात लावत नाही. आता बोला."

तेवढ्यात दारात मित्री दिसला. साबणखान्यातला एप्रन परत करायला आला होता, धुवून, इस्त्री करून.

५

"मित्री," तौफीक बे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "तुझ्या मुलीच्या लग्नात मी नाचलो होतो."

मित्री त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो फरशीवर मी मांडलेल्या वड्यांकडे बघत होता. मग तो गुडघ्यावर बसला.

"हे कोणी रचलंय?" त्याने विचारलं.

"नाटक नको."

"बे, मला चोर म्हणा. पण ही रचना माझी आहे असं म्हणू नका. छाप छापावर टेकवलाय! फट नाही! आतून घाम धरला असता, बुरशी आली असती. मी असं रचलं असतं तर तुमच्या वडिलांनी मला याच कढईत ढकललं असतं."

तौफीक बेंनी खाली बघितलं. साबणात जन्म गेलेला माणूस, त्यांना दिसलं. खालचे थर छाप वर, फट सोडून. वरचे, पुन्हा रचलेले थर जोडीजोडीने, तोंडाला तोंड, एकमेकांना चिकटून.

"घाईत रचलं असेल," ते म्हणाले, पण जोर नव्हता.

"घाईत माणूस सवयीप्रमाणे वागतो," मी म्हणाले. "बुधवार सकाळची मुदत तुम्हीच दिली आहे. तोवर शिक्का तुमच्याकडे ठेवा आणि कुणाला काही सांगू नका."

"तुम्हाला कळलंय," मित्री हळूच म्हणाला.

मला कळलं होतं, आणि फार बरं वाटत नव्हतं.

तिथून मी समोर नजीराकडे गेले. भट्टी त्या दिवशी थंड होती. नजीरा पिठाच्या पेटीवर बसून तुळशीची पानं निवडत होती. मी फडकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"अक्रोडाचं तेल हवेत सुकतं, नजीरा. रंगासारखं घट्ट होतं. जुना डाग कागदाला लागत नाही, ताजा लागतो. गुरुवारी तेल लावलेला शिक्का यात गुंडाळला असता, तर शुक्रवारी माझ्या कागदावर तेल उतरलं असतं. उतरलं नाही. म्हणजे पाव भाजल्यावर शिक्का कपाटात गेलाच नाही. कुलूप तोडायची कुणाला गरजच नव्हती. पावाच्या दिवशी शिक्का तुझ्या हातात असतो, हे इतकं रोजचं आहे की कोणी ते मोजलंच नाही."

ती पानं निवडत राहिली.

"तू रिकामं फडकं घडी घालून ठेवलंस आणि मित्री संध्याकाळची घंटा द्यायला गेल्यावर, चोथा आणायला म्हणून समोरच्या दारातून आत गेलीस. शिक्का मनोऱ्यात सोडलास आणि वड्या पुन्हा रचल्यास. साबण रचणारा छाप वर ठेवतो. छापावर छाप, जोडीने, चिकटवून ठेवणारे हात या शहरात एकीचेच आहेत. परवा तू मला दाखवलेस."

"गणितं तुझीच बरोबर यायची," नजीरा म्हणाली, आणि रडायला लागली.

रडता रडताच ती बोलली. "त्या बाई अंकाराला परत गेल्या की काढून ठेवणार होते. तौफीकच्या मनोऱ्यात घातला, कारण गाव उलटंपालटं केलं तरी तो स्वतःचा साबण पाडणार नाही. मित्रीचं नाव येईल असं स्वप्नातसुद्धा नव्हतं. मग साबणखान्याला कुलूप पडलं. रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. अबूनांचं तोंड बघितलं की गिळायची. त्यांना यातलं काही माहीत नाही, लमिया. वेदीसमोर उभं राहणाऱ्या माणसाची बायको चोर!"

"फक्त शिक्का बाहेर जाईल म्हणून?"

तिने डोळे पुसले. "नाही. त्याचं वय निघेल म्हणून. तौफीक चौकटीत लावणार आहे ना तो कागद? त्यावर काय येईल ते मला माहीत आहे."

"काय येईल?"

आणि तिने मला सांगितलं.

६

बुधवारी सकाळी देऊळ भरलं होतं. मर्सिनहून, इस्कंदरूनहून, काही तर थेट जर्मनीहून आलेले. डॉक्टर शेबनेम मागच्या बाकावर होत्या. मित्री भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या खोलीच्या दाराशी दोन गाठोडी बांधलेली मी येतानाच बघितली होती.

पवित्र घास घेण्याआधी ज्याचा अपराध केला त्याची क्षमा मागायची, अशी आमच्याकडे रीत आहे. बहुतेक जण शेजाऱ्याकडे बघून मान हलवतात आणि पुढे जातात. नजीरा पुढे गेली नाही. ती रांगेतून निघून सगळ्यांच्या देखत मित्रीसमोर जाऊन उभी राहिली.

"शिक्का मी घेतला होता," ती म्हणाली. आवाज देवळाच्या घुमटापर्यंत गेला. "मित्री, तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प बसले. मला क्षमा कर."

अबूनांनी प्याला दोन्ही हातांनी धरला. 

मित्रीने आधी भिंतीपासून पाठ सोडवली, सदरा नीट केला. तो अभिमानी माणूस आहे, आणि त्याने तेवढा वेळ घेतला, ते बरोबरच होतं.

"खूरिये," तो शेवटी म्हणाला, "देव करो. मी पण करतो. पण माझ्या मनोऱ्याचं तुम्ही जे केलंत, त्याला थोडे दिवस लागतील."

कुठूनतरी हसू फुटलं आणि देवळाने श्वास सोडला.

तौफीक बे मधल्या वाटेने आले. साबणखान्याची किल्ली त्यांनी मित्रीपुढे धरली. मित्रीने हात पुढे केला नाही.

"शुक्रवारी चौघांसमोर टेबलावर ठेवली होती, बे. परत देताना शब्दही हवेत."

तौफीक बेंचा चेहरा लाल झाला. पण ते सुद्धा अंताक्याचेच. त्यांनी टोपी काढली. "मी चुकलो," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मित्री चोर नाही. त्याला चोर म्हणणारा मी मूर्ख."

तेव्हा मित्रीने किल्ली घेतली.

प्रार्थनेनंतर अंगणात डॉक्टर शेबनेम नजीरापाशी आल्या. तौफीक बेंनी शिक्का त्यांच्या हातात दिला.

"तुकडा काढायचा तर काढा," नजीरा म्हणाली. "पण मी आधीच सांगते. हा अक्रोड आमच्या मागच्या बागेतला. माझं लग्न झालं त्या वर्षी कोरला, माझ्या सासऱ्यांनी."

तौफीक बे अंगणातल्या कट्ट्यावर बसले. "पेत्राच्या हातचा..."

"ओलं पीठ, गरम पाणी, दर आठवड्याला. लाकूड किती टिकणार? कडा बोथट झाल्या की त्याच्यावरून नवा कोरायचा, आणि पवित्र वस्तू कचऱ्यात जात नाही, म्हणून जुना भट्टीत घालायचा. त्याच्या विस्तवावर नव्या शिक्क्याचा पहिला पाव भाजायचा. याच्या आधीचा सासूबाईंनी माझ्या हाताने घातला. त्याच्या आधीचा त्यांच्या सासूने. ही गोष्ट भट्टीबाहेर कुणी बोलायचं नसतं. मागे किती झाले, देव जाणे." तिने मान वर केली. "तुम्ही कागदावर लिहिणार, शिक्का नवा आहे. खरंच आहे ते. आणि मग लोक म्हणणार, यांचं सगळंच खोटं. म्हणून लपवला."

 तिथे मात्र मलाही बोलावंसं वाटलं.

"सहाव्या शतकात भूकंपाने हे शहर जमीनदोस्त झालं," मी म्हणाले. "मग इराणी फौजांनी जाळलं. पुढे कितीदा. एकच लाकूड त्यातून वाचलं असतं तर ते नशीब. पण प्रत्येक वेळी राखेतून उठून कुणीतरी जुन्यावरून नवा कोरत राहिलं असेल, तर ते नशीब नाही, तौफीक बे. ती आपली करणी. तिला चौकट लावा."

तौफीक बेंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग उठले, डॉक्टर शेबनेमच्या हातातून तो घेतला आणि नजीराच्या हातात ठेवला. "हा कुठे जायचा नाही," ते म्हणाले. "सही मी मागे घेतो."

"मला हा नकोच," डॉक्टर शेबनेम म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "मला पाव हवा. प्रदर्शन इथे आहे तोवर, काचेच्या पेटीत."

"शिळा होईल," नजीरा म्हणाली.

"मग दर शनिवारी नवा द्या."

"आणणार कोण?"

मित्री दोराला हात घालून उभा होता. "मला किल्ली मिळणार का त्या काचेची?" त्याने विचारलं.

मिळाली. त्या उन्हाळ्यात दर शनिवारी तो स्वच्छ सदरा घालून प्रदर्शनात जायचा. पहारेकरी बाजूला होत, तो काच उघडून नवा पाव ठेवी आणि जुना बाहेर काढी. एकदा मी बरोबर गेले होते. आमच्या दोन्ही बाजूंना रोमन नाणी आणि संगमरवरी मुंडकी होती, प्रत्येकाखाली शतक लिहिलेलं. पावाखालच्या पाटीवर काळ काय लिहायचा, यावर डॉक्टर शेबनेमनी नजीराला फोन केला होता म्हणे. नजीराने सांगितलं तेच छापलं होतं: "या शनिवारचा."

मित्रीने काचेला कुलूप लावलं. जुना पाव वाळून खडखडीत झाला होता. त्याने तो गुडघ्यावर मोडला, पहारेकऱ्यांना एकेक तुकडा दिला, एक मला दिला, आणि आम्ही सगळे त्या दोन हजार वर्षांच्या मधोमध उभे राहून कुरकुर आवाज करत खात राहिलो.